रणगाड्याची बांधणी

खेळ खेळणे आणि खेळ रचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सर्वांनाच येते. दुसरीही पुष्कळांना येते. पण आपल्याला ती येते, हे त्यांच्या ध्यानात नसते. विटीदांडूचे नियम गावागणिक बदलतात, गोट्यांचे तर गल्लीगणिक. खेळाच्या मैदानाशेजारी एखादी विहीर असली, तर विटी विहिरीत पडल्यास डाव कोणाचा, याचा कायदा तेथील मुलेच करतात आणि पुढे कित्येक वर्षे तो निमूटपणे पाळला जातो. तो कायदा प्रथम कोणी केला, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

असा एक कायदे करणारा सध्या माझ्याच घरात आहे. माझा नातू सातवीत शिकतो. संगणकावर खेळावयाचा एक खेळ आपण स्वतः रचावयाचा, असे त्याने गेल्या दिवाळीच्या सुटीत ठरविले. खेळाचा नायक म्हणजे एक रणगाडा. आरंभी तो लहान व दुबळा असतो. एकेक मोहीम पार पडेल, तसतशी त्याला नवी तोफ, जाड चिलखत, जोरकस इंजिन अशी सामग्री मिळत जाते. खेळाचे नियम स्वच्छ लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले आहे, एवढीच काय ती माझी त्या कामासाठी पात्रता!

"आजोबा, हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम आहे, असे वर लिहा," तो म्हणाला. न समजलेले लिहावयाचे नाही, हा माझा जुना शिरस्ता. म्हणून मी आधी अर्थ विचारून घेतला. रोल-प्लेइंग म्हणजे नाटकातल्याप्रमाणे एखादी भूमिका घेऊन खेळणे. या जातीच्या खेळांचा उगम संगणकावर झालेला नाही. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळत. त्यात आपण घेतलेले पात्र जसजसे प्रसंगांतून जाईल, तसतसे त्याच्या नावावर अनुभवाचे गुण जमत आणि ते अधिक कर्तबगार होई. पुढे ही कल्पना संगणकाने उचलली. 'ॲक्शन' म्हणजे त्यात आपापल्या पाळीची वाट पाहावयाची नसते; डोळा आणि बोट यांची चपळाई तेथल्या तेथे दाखवावी लागते.

नंतर 'अपग्रेड' या शब्दावर आमचे घोडे अडले. 'बढती' हा शब्द कारकुनाला शोभतो, 'सुधारणा' हा उनाड मुलाला. शेवटी 'बांधणी' हा शब्द आम्ही मुक्रर केला. आपल्या भाषेत 'रणगाडा' हा शब्द मात्र मोठा मार्मिक आहे. 'रण' काढून टाकले, तरी 'गाडा' उरतोच. आणि गाडा म्हटला, की त्याबरोबर ओझे आले, चिखल आला, रुतलेली चाके आली. इंग्रजी शब्दाला हे भाग्य नाही. पहिल्या महायुद्धात हे यंत्र गुप्तपणे तयार होत असता, त्याचे खरे स्वरूप कोणास कळू नये म्हणून त्याला पाण्याची टाकी, म्हणजे 'टँक', असे म्हणत. तेच नाव पुढे रूढ झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम रणात उतरले. त्या दिवशी ४९ रणगाडे उपलब्ध होते. पण सुमारे एकतृतीयांश तर लढाई सुरू होण्याच्या जागेपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. काही बंद पडले, काही रुतून बसले. ही हकिगत ऐकून नातू थोडा हिरमुसला. त्याच्या वहीतील रणगाडा कधी बंद पडत नव्हता.

त्याने केलेली पहिली आखणी अगदी सरळ होती. दहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला तोफेचा मारा वाढे, चिलखत वाढे आणि वेगही वाढे. मी खेळून पाहिले. पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत मोठी मौज वाटली, पण पुढे शत्रूंचा निकाल एका टिचकीसरशी लागू लागला. मग त्याने प्रत्येक पायरीला शत्रूही तितकाच बलवान केला. आता अडचण अशी झाली, की दहाव्या पायरीवरचा सामना हुबेहूब पहिल्या पायरीसारखाच होऊ लागला. आकडे तेवढे मोठे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, कोसच्या कोस तुडवितो आणि संध्याकाळी पाहावे, तो तेथेच! बळ वाढविणे म्हणजे खेळ वाढविणे नव्हे, हे त्यालाही दिसत होते. पण मग काय करावे, हे सुचत नव्हते.

या वेळी त्याच्या वडिलांच्या लहानपणचा एक खेळ उपयोगी पडला. जपानच्या नामको कंपनीने १९८५ साली 'बॅटल सिटी' नावाचा रणगाड्यांचा खेळ काढला. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडावयाची स्वस्त यंत्रे घरोघर आली, त्यांबरोबर हा खेळही आला. त्यात पडद्याच्या तळाशी एक गरुड असतो आणि त्याच्याभोवती विटांची भिंत. तो गरुड राखावयाचा. वाटेत तारा मिळाला, की आपला रणगाडा सुधारतो. पहिल्या ताऱ्याने गोळा वेगाने सुटतो, दुसऱ्याने एका वेळी दोन गोळे सोडता येतात आणि तिसऱ्याने पोलादाची भिंतसुद्धा फुटते. पण त्यातील खुबी निराळीच आहे. आपल्याच गोळ्याने आपला गरुडही मरतो! फावडे मिळाले, की गरुडाभोवतीची भिंत काही काळ पोलादी होते. पण तीन तारे मिळविलेला गडी घाईत वळून गोळा सोडील, तर तीही भिंत त्याला आडवीत नाही. साध्या रणगाड्याला जे घर मोडता येत नाही, ते बलाढ्य रणगाड्याला मोडता येते. माझा मुलगा हा खेळ तासन् तास खेळे, तेव्हा त्याच्यामागे उभा राहून मी हे शेकडो वेळा पाहिले होते. शिवाय त्या खेळात आपला नकाशा आपणच आखण्याची सोय होती. चौकोनी वहीत रकाने रंगवून नकाशे आखण्याची सवय माझ्या नातवाला बापाकडून आली, ती अशी.

बळाला काही मोल पडले पाहिजे, असे आता ठरले. ते कोणते, हे खऱ्या रणगाड्यांना विचारावे म्हणून नाताळच्या सुटीत आम्ही अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला गेलो. तेथे लष्कराच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे आणि १९९४ सालापासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. चिलखती दलातून निवृत्त झालेला माझा एक जुना विद्यार्थी तेथे आमच्याबरोबर आला. देशोदेशींचे ते लोखंडी हत्ती उघड्या मैदानात ओळीने उभे आहेत. नातवाने प्रत्येकाचे वजन टिपून घेण्याचा सपाटा लावला.

माझ्या विद्यार्थ्याने त्याला दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाड्याची गोष्ट सांगितली. या अमेरिकन रणगाड्याची तोफ जर्मनांच्या जाड चिलखतापुढे अपुरी पडू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी त्यात आपली लांब व जबरदस्त तोफ बसविली. या रणगाड्याला 'फायरफ्लाय' म्हणजे काजवा असे म्हणत. पण वरच्या फिरत्या घुमटात ती तोफ मावेना. म्हणून तिची मागची बाजू आडवी फिरवून बसविली. बिनतारी यंत्राला जागा उरली नाही. म्हणून घुमटाच्या मागे एक पेटी जोडून ते तिच्यात ठेवले. मोठे गोळे ठेवावयाला जागा हवी, म्हणून पुढच्या बाजूचा मशीनगनवाला उतरविला. पाच माणसांचा रणगाडा चार माणसांचा झाला! जर्मनांच्या टायगर रणगाड्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे वजन ५७ टनांच्या घरात; नदी आली, की वाटेतला पूल त्याला पेलेल की नाही, ही चिंता आधी.

"आणि जमीन?" असे म्हणून तो आम्हांला पॅटन रणगाड्यापुढे घेऊन गेला. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. त्या काळचा तो नवा आणि नावाजलेला रणगाडा. आपल्याकडे सेंच्युरियन होते आणि जुने शर्मनही. आपल्या सैन्याने कालव्यांचे पाणी शेतांत सोडले. उभ्या उसात दबा धरून आपले रणगाडे व तोफा वाट पाहत राहिल्या आणि चिखलात रुतलेल्या पॅटन रणगाड्यांचा तेथे धुव्वा उडाला. याच लढाईत जीपवर बसविलेल्या तोफेने रणगाडे टिपता टिपता हवालदार अब्दुल हमीद यांनी देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. नातू बराच वेळ गप्प होता. परतीच्या प्रवासात त्याने वहीत एकच शब्द लिहिलेला मी पाहिला : चिखल.

त्या चिखलातून आमचा मुख्य नियम निघाला. गणित तुम्हांलाही करून पाहता येईल. रणगाड्याच्या धडाचे वजन १०. लहान तोफ ४, मोठी तोफ ९. चिलखताचा प्रत्येक पत्रा १. इंजिनाची शक्ती ६०. शक्तीला एकूण वजनाने भागावे, म्हणजे रणगाडा सेकंदाला किती घरे चालेल ते कळते. लहान तोफ आणि सहा पत्रे घेतले, तर वजन २० आणि वेग तीन घरे. मोठी तोफ आणि अकरा पत्रे घेतले, तर वजन ३० आणि वेग दोनच घरे. नकाशावर जेथे चिखल आहे, तेथे २४ पेक्षा जास्त वजन चालत नाही. रणगाडा रुततो आणि शत्रूचे आयते लक्ष्य होतो. म्हणजे मोठी तोफ घेऊन चिखल ओलांडावयाचा, तर अंगावर पत्रे फक्त पाच! आता 'सर्वांत चांगला रणगाडा कोणता?' या प्रश्नाला उत्तरच राहिले नाही. कोठे जावयाचे आहे, ते आधी सांगा, असे रणगाडाच विचारू लागला. जपानमध्ये १९९१ साली निघालेल्या 'मेटल मॅक्स' या खेळातही इंजिन पेलील तेवढेच वजन गाडीवर लादता येते, आणि तोफांचे ओझे जाऊन जे उरेल, तेवढेच चिलखत लावता येते, असे आम्हांला मागाहून समजले. आपण शोधलेले दुसऱ्याने आधीच शोधून ठेवले आहे, हे कळल्यावर नातू खट्टू झाला. मला मात्र ही मोठी अभिमानाची गोष्ट वाटली.

संगणकावर खेळ उभा करण्याचे काम त्याचे त्यानेच केले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने मुलांसाठी तयार केलेले आणि २००७ साली सर्वांना खुले केलेले 'स्क्रॅच' नावाचे एक साधन आहे. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडीत गेले, की पडद्यावरची चित्रे त्याप्रमाणे वागतात. त्या भागात माझी मदत फारशी नव्हती.

आमचे खरे भांडण झाले ते पुढेच. रणगाडा फुटला म्हणजे काय करावयाचे? नातवाच्या वहीत लिहिले होते : 'तीन जीव. एक गेला, की दुसरा सुरू.' नियम स्वच्छ अक्षरात उतरविताना माझी लेखणी थबकली. मी विचारले, "कोणाचे जीव?"

"रणगाड्याचे."

"आणि आत बसलेल्यांचे?"

आत कोणी बसलेले आहे, हे त्याच्या खेळात कोठेच नव्हते. संग्रहालयातील ते दोन तास मात्र माझ्या मनातून जात नव्हते. माझा विद्यार्थी ज्या विजयंता रणगाड्यावर प्रथम नेमला गेला, त्यात चार माणसे असत : प्रमुख, तोफची, गोळा भरणारा आणि चालक. हा आरंभी गोळा भरणारा होता. अठरा-वीस किलोचा एकेक गोळा, बसल्या जागेत वळून, हलत्या रणगाड्यात तोफेत सारावयाचा. राजस्थानात मे महिन्यात पोलाद असे तापे, की हात लावण्याची सोय नाही. "सर," तो मला म्हणाला होता, "तोफ तीच असते. पण नवखा भरणारा आणि मुरलेला भरणारा, यांत दोन रणगाड्यांइतका फरक पडतो." गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, अशी आपल्यात म्हण आहे. नातवाच्या लेखी माणसे म्हणजे तो नळा. माझ्या मते रणगाड्यात गाडा कोणता आणि नळा कोणता, हे एकदा नीट ठरवावयास हवे होते.

मी माझी सूचना लिहून त्याच्यापुढे ठेवली. रणगाड्यात चार माणसे असावीत. खेळणाऱ्याने त्यांची नावे ठेवावीत. अनुभवाचे गुण लोखंडाला न मिळता या माणसांना मिळावेत. नव्या माणसाला गोळा भरावयाला आठ सेकंद लागावेत, मुरलेल्याला पाच. चिलखत फुटले, की घंटा वाजावी. घंटा ऐकून जो रणगाडा सोडील, त्याची चारही माणसे पायी गावच्या कारखान्यात परत येतील. तोफ गेली, पण हात राहिले. घंटा न जुमानता जो लढत राहील, त्याचे एक माणूस कायमचे जाईल आणि त्याच्या जागी आलेल्या नवख्याला पुन्हा आठ सेकंद लागतील.

"मग कोणी खेळणारच नाही, आजोबा," तो म्हणाला. "खेळात कोणी खरोखर मरत नसते." त्याच्या म्हणण्यातही तथ्य होते, हे मी कबूल करतो. दुःख भोगावयासाठी संध्याकाळी कोणी खेळ उघडीत नाही. पण ज्याच्यात चार माणसे बसतात, त्या यंत्राचे चित्र काढावयाचे आणि माणसे तेवढी पुसून टाकावयाची, हे मला पटेना. तीन दिवस आमचे बोलणे जेवणापुरतेच चालले. माझ्या सुनेने दोघांनाही वेडे ठरविले. चौथ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "नावे ठेवण्याचा नियम घेतो. घंटाही घेतो. पण माणूस गेल्यावर शोकाचे संगीत वाजणार नाही. नुसती रिकामी खुर्ची दिसेल." त्याने सुचविलेले माझ्या सूचनेपेक्षा सरस होते. मी लगेच ते वहीत लिहिले.

होळीच्या दिवशी परीक्षा झाली. रंग खेळून, अंघोळी आटोपून आळीतील पाच-सहा मुले आमच्या दिवाणखान्यात जमली. शेवटची मोहीम अशी होती : पलीकडच्या गावात साथ आली आहे, तेथे औषधांची पेटी पोचवावयाची. मध्ये एक नाला. नाल्यावर एकच पूल आणि पुलाच्या तोंडाशी शत्रूची ठाणी. पलीकडे चिखल. दोन मुलांना खेळ मुळीच रुचला नाही; 'फार हिशेब करावे लागतात,' असे म्हणून ती उठून गेली. एकाने आपल्या चार गड्यांना आपल्याच मित्रांची नावे दिली होती. त्याने पहिल्या घंटेला दुर्लक्ष केले आणि एक खुर्ची रिकामी झाली. ज्याचे नाव होते, तो मित्र शेजारीच बसला होता! "मला मारलेस ना?" असे म्हणून त्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. सगळे हसले, पण पुढच्या डावात घंटा वाजताच तो मुलगा निमूटपणे रणगाड्यातून उतरला आणि पायी चालू लागला.

सर्वांत शेवटी शेजारच्या घरातील मुलगी बसली. ती सहावीत आहे. तिने सामानाची यादी दोनदा वाचली. त्या यादीत 'घडीचा पूल, वजन ८' अशी एक ओळ होती. सैन्यात पाठीवर पूल घेऊन जाणारे रणगाडे असतात, ते नाल्यावर पूल टाकतात आणि मागच्यांना वाट करून देतात, असे मी सांगितले होते. केवळ माझ्या आग्रहाखातर नातवाने ती ओळ घातली होती. मुलीने तोफ काढून टाकली. धड १०, पूल ८, पत्रे ६, एकूण २४. तोफच नाही, म्हणून तोफची आणि गोळा भरणारा या दोघांना तिने गावातच ठेवले. मग ठाण्यांपासून दूर, नकाशाच्या पार डाव्या कडेला जाऊन तिने नाल्यावर आपला पूल टाकला, पलीकडे उतरली आणि चिखलातून हळूहळू, एकही गोळा न सोडता, पेटी पोचवून मोकळी झाली.

"हे चालणार नाही!" नातू ओरडला. "तोफेशिवाय रणगाडा असतो का?"

"तसे कोठे लिहिले आहे?" तिने विचारले.

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी नियमांची वही उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविली. तसे कोठेच लिहिलेले नव्हते. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने चौकोनी वही पुढे ओढली, नवे पान काढले आणि निळ्या पेन्सिलीने एकाऐवजी दोन नाले आखावयाला सुरुवात केली. ती मुलगी त्याच्या शेजारी बसून त्या दोन नाल्यांमधली घरे मोजू लागली.